गवरव्वा प्रवासास योग्य आहे

बोरगुळी, ता. उदगीर
५ नोव्हेंबर २०२४

प्रभाबाईला गुरम्माचा शरणु शरणार्थी.

फोन करनार होते, पन कानातलं मशीन फोनाजवळ नेलं की शिट्टी मारतंय. मागच्या बारीला तू "दात काढला" म्हनलीस आन मी "हात काढला" ऐकलं. दोन दिस मला जेवन गेलं न्हाई. म्हनून आता कागदच बरा. आमच्या घरी भाड्यानं ऱ्हात होतीस तवा तूच मला लिव्हायची सवय लावलीस, आता वाचायची तकलीफ बी तूच घे.

राजशेखर दिवाळीला आला होता. म्हनला, आई, एकटीनं ऱ्हायचं आता बास झालं, संक्रातीनंतर पुन्याला चल. सातव्या मजल्यावर घर हाय त्याचं. हवा लई येती म्हनं. शेत चुलत दिराच्या पोराला बटईनं लावलं. मी हाव म्हनलं. पोरगं चांगलं हाय, सून बी चांगली हाय, मला काय बी तकलीफ न्हाई. आन हवा लई येती.

राहिली गवरव्वा. तुला म्हाईत हाय, देवनी जातीची गाय, अंगावर काळे ठिपके. सात वेतं झाली, आता दूध न्हाई. बाजारात नेली तर म्हाताऱ्या गाईला कोन घेतं आन कुठं नेतं, ते मला सांगायची गरज न्हाई. तू उमरीला दोन एकर घेऊन गोठा बांधलास आन तो रिकामा हाय, आसं लिव्हलं होतंस. तिला घेतीस का? पैसा नगं. दुसऱ्या कुनाच्या हातात दावं द्यायला माझा जीव धजंना.

हाव म्हनलीस तर सोमवारी टेम्पोत घालून पाठवते.

तुझी,
गुरम्मा

*

उमरी, जि. नांदेड
१२ नोव्हेंबर २०२४

प्रिय गुरम्मा अक्का,

घेते! शंभर वेळा घेते. दूध नको, काही नको. गोठा सहा महिने रिकामा आहे आणि साखराबाई (शेजारीण, कामाला येते) त्यात रोज सरपण रचायचा प्रयत्न करते. आजच तिला सांगितलं, सरपण हलव, पाहुणी येतेय.

पण "टेम्पोत घालून पाठवते" हे वाक्य वाचून मला घाम फुटला. अक्का, मी पशुसंवर्धन खात्यात एकतीस वर्षं कारकुनी केली. जनावराच्या वाहतुकीची किती प्रकरणं माझ्या हाताखालून गेली असतील! आता माझ्याच गाईला रस्त्यात पोलिसांनी थांबवलं आणि कागद मागितले, तर मी नांदेडच्या कार्यालयात कोणत्या तोंडानं जाऊ?

तर नीट ऐका. गवरव्वाच्या कानात पिवळा बिल्ला पाहिजे, बारा आकड्यांचा. लम्पीची लस टोचलेली पाहिजे आणि टोचून अठ्ठावीस दिवस झालेले पाहिजेत. ती प्रवासास योग्य आहे असं आरोग्य प्रमाणपत्र पाहिजे, तेही अधिकृत पशुवैद्यकाचं, प्रत्यक्ष तपासून दिलेलं. आणि वाहन जनावरांच्या परवान्याचं. विटा वाहणारा टेम्पो चालणार नाही. जनावराचं तोंड इंजिनाकडे असावं असाही नियम आहे.

घाबरू नका. तुम्ही फक्त तुमच्या दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना भेटा. बाकी गाईगुरांचं मला सगळं कळतं. एकतीस वर्षं दुसरं केलं काय?

आपली,
चंद्रप्रभा

*

बोरगुळी
२१ नोव्हेंबर २०२४

प्रभाबाईला शरणु.

तुझं पत्र मी गवरव्वाला वाचून दाखवलं. तिनं शेवटचं पान खाल्लं, म्हनून वाहनाचं काय लिव्हलं होतंस ते पुन्हा लिव्ह.

दवाखान्यात गेले. कुलूप. मंगळवारी गेले, तर ड्रेसर मडिवाळप्पा भेटला. म्हनला, अक्का, डॉक्टरची जागा खाली हाय, दुसऱ्या गावाचे सायेब बुधवारी येतात. बुधवारी गेले. म्हनला, आज शिबिराला गेले. मी म्हनलं, मग बुधवारी येतात म्हंजे काय? म्हनला, येतात बुधवारीच, पन परत्येक बुधवारी न्हाई.

मग गावातल्यांनी उमाशंकरचं नाव सांगितलं. मोटरसायकलवर पेटी लावून फिरतोय, समदे डॉक्टरच म्हनत्यात. त्याला गाठलं. त्यानं गाडी बंद सुदिक केली न्हाई.

म्हनला, "सर्टिफिकेट ना? फोटू पाठवा."

मी म्हनलं, "गाय बघायची न्हाई का? हितंच तर हाय, वड्याच्या पलीकडं."

"फोटूत दिसती की."

"आन ताप असला तर?"

"फोटूत कुनालाच ताप नसतो, अक्का."

पोरगं हजरजबाबी हाय, मला आवडलं. संध्याकाळच्याला कागद दिला. संगं पाठवते. शिक्का गोल हाय, निळा हाय. चालंल का? न्हाई चाललं तरी घाई न्हाई. थंडी पडली, गवरव्वाला थंडीत भाईर काढू वाटंना.

गुरम्मा

*

उमरी
२८ नोव्हेंबर २०२४

प्रिय अक्का,

तो कागद मी दोनदा वाचला आणि मग पाणी प्यायले. जनावराचा प्रकार : म्हैस. रंग : काळा. वय : अडीच वर्षे. मालकाचे नाव : गवरव्वा. प्रवासाचे कारण : लग्न. म्हणजे एका कागदात तुमच्या गाईची म्हैस झाली, तिला तुमची मालकी मिळाली आणि तिचं लग्नही ठरलं. शिक्का मी भिंग लावून पाहिला. तो एका पतसंस्थेचा आहे.

अक्का, उमाशंकर गुणी असेल, पण तो पशुवैद्यक नाही. पशुवैद्यक म्हणजे ज्याचं नाव परिषदेच्या नोंदवहीत आहे आणि ज्याच्या सहीखाली नोंदणी क्रमांक आहे. त्यातही वाहतुकीचं प्रमाणपत्र द्यायचा अधिकार ज्याला दिलेला आहे, तोच आपल्या कामाचा. पुन्हा कुणाला फोटो देऊ नका.

मग मीच फोन हातात घेतला. एका कार्यालयानं दुसरं सांगितलं, दुसऱ्यानं तिसरं. "पलीकडच्या टेबलावर विचारा" हे वाक्य मी नोकरीत किती हजार वेळा म्हटलं असेल देव जाणे. सोमवारी ते मला चार वेळा ऐकावं लागलं. चौथ्या वेळी मी फोन ठेवला आणि ज्यांना ज्यांना मी तसं म्हटलं होतं त्या सगळ्यांची डोळे मिटून, हात जोडून मनातल्या मनात माफी मागितली. साखराबाई म्हणाली, बाई, कुणाचं सुतक आहे का?

शेवटी माझ्या हाताखाली शिकलेल्या एका मुलीनं नाव दिलं. डॉ. उज्वला. उदगीरला नवीन आल्यात, नोंदणी आहे, अधिकार आहे, आणि मुख्य म्हणजे फोन उचलतात. ५ डिसेंबरला तुमच्या गोठ्यात येतील. सरकारी शुल्काशिवाय काही द्यायचं नाही. चहा देऊ शकता.

वाहनाचं मी बघते. ते पान गवरव्वानं खाल्लं हे तिच्या प्रकृतीला चांगलंच म्हणायचं.

चंद्रप्रभा

*

बोरगुळी
७ डिसेंबर २०२४

प्रभाबाईला शरणु.

तुझी डॉक्टरीन आली. पोरगीच हाय ग! मला वाटलं डॉक्टरची लेक आली. पायात गमबूट, आल्या आल्या गवरव्वाच्या गळ्याखाली खाजवलं. गवरव्वानं मान लांब केली. मग मी बी चहा ठेवला.

तपासलं समदं. दात बघितले, डोळे बघितले, छातीला नळी लावली. लई बारकाईनं. मग कान बघितला आन म्हनली, "आज्जी, टॅग कुठाय?"

टॅग न्हाई. काय सांगू प्रभाबाई, दिवाळीपर्यंत होता. बाभळीला घासला आसंल, पडला आसंल. काय म्हाईत.

डॉक्टरीन म्हनली, बिल्ल्याबिगर जुन्या लशीची नोंद लावता येत न्हाई. मग नवा बिल्ला मारला, नवी लस टोचली. आता अठ्ठावीस दिस थांबायचं. मी म्हनलं, थांबू की. नियम म्हंजे नियम. प्रभाबाईला नियमाबाहीर काय चालत न्हाई.

तू वाईट वाटून घेऊ नको. अठ्ठावीस दिस काय, असे जातील.

राजशेखरचा फोन येतो रोज, शेजारचा पोरगा माझ्या वतीनं बोलतो. पुन्याला माझ्यासाठी खिडकीजवळची खोली ठेवली म्हनं. हवा लई येती तिथं.

गुरम्मा

*

उमरी
१६ डिसेंबर २०२४

प्रिय अक्का,

हरकत नाही. मी कॅलेंडरवर खुणा केल्यात. ५ डिसेंबरपासून अठ्ठावीस दिवस म्हणजे २ जानेवारी. ४ तारखेला डॉ. उज्वला पुन्हा येतील, तपासून प्रमाणपत्र देतील, आणि ६ तारखेला गवरव्वा माझ्या दारात. बिलोलीच्या सोमेशची गाडी ठरवली. परवाना पाहिला, फाळका पाहिला, खाली काथ्याची चटई घालायला सांगितली. तो म्हणाला, "मॅडम, आजवर मी बैल नेले, घोडा नेला, एकदा नवरदेव नेला, पण एवढी चौकशी कुणी केली नाही." मी म्हटलं, नवरदेवाची व्हायला पाहिजे होती.

इकडे तयारी जोरात आहे. पाण्याची टाकी, गव्हाण, डासांसाठी जाळी. साखराबाई म्हणते, बाई, एवढ्यात माझ्या पोरीचं बाळंतपण झालं असतं. मी रोज संध्याकाळी गोठ्यात खुर्ची टाकून बसते. पलीकडच्या रस्त्यानं गुरं घरी जातात, त्यांचा आवाज येतो. बरं वाटतं.

काही राहिलं असेल तर कळवा. गवरव्वा काय खाते, किती वाजता, एवढं थोडक्यात लिहून पाठवा.

चंद्रप्रभा

*

बोरगुळी
४ जानेवारी २०२५

प्रभाबाईला शरणु.

डॉक्टरीन आत्ता हितंच हाय, हात धुऊन राहिली. तिच्याच हातानं पत्र पाठवते, बिगी पोचंल.

आज जमलं न्हाई ग. गवरव्वा लंगडून राहिली. दगड लागला आसंल. हळद लावून फडकं बांधलं हाय. लंगडं जनावर गाडीत घालता येत न्हाई, हे तर तुझ्याच नियमात हाय. सोमेशला नको म्हनून तुला शेजारच्या पोराकडून फोन बी करवते.

काय खाती इचारलंस. सकाळी कडबा, पन बारीक करून, दात झिजलेत. ज्वारीची भाकरी एक, शिळी, ताजी दिली तर तोंड फिरवती. दुपारी नुसतं पानी, त्यात चिमूटभर मीठ. तिसऱ्या पहरी कानामागं खाजवायचं, डाव्या. उजव्याला हात लावला की शिंग हलवती. पावसाचा आवाज पत्र्यावर झाला की बिचकती, जवळ जाऊन उभं ऱ्हायचं, बोलायची गरज न्हाई. आन तिला मराठी कळत न्हाई. सासूबाईंनी वाढवली, म्हनून समदं कानडीत. "बा" म्हनलं की येती. "निल्लू" म्हनलं की थांबती. "नीरू" म्हंजे पानी. "हुल्लू" म्हंजे गवत. चुकलीस तर ती चिडत न्हाई, पन बघत ऱ्हाती.

थोडक्यात लिव्ह म्हनलीस, एवढंच हाय.

गुरम्मा

*

(याच पाकिटात)

उदगीर
४ जानेवारी २०२५

आदरणीय चंद्रप्रभा मुखेडकर मॅडम,

गुरम्मा आज्जींनी त्यांचं पत्र पोस्टात टाकायला दिलं, त्यासोबत ही चिठ्ठी जोडते. फोन करणार होते, पण हे बोलण्यापेक्षा लिहिणं मला सोपं वाटलं.

गवरव्वा लंगडत नाही. मी आले तेव्हा फडकं डाव्या पुढच्या पायाला होतं. मी गाडीतून थर्मामीटर घेऊन परत आले, तोवर ते उजव्याला गेलं होतं. कालच मी ओढ्याच्या रस्त्यानं दुसऱ्या गावी चालले होते, तेव्हा ती आज्जींच्या मागे तुरुतुरु चालत होती. आणि तो हरवलेला टॅग मला आज चहा घेताना दिसला. चुलीजवळच्या कोनाड्यात, काडेपेटीखाली. कानातून आरपार जाणारा त्याचा दांडा स्वच्छ कापलेला होता. मी पाहिलं हे त्यांनी पाहिलं. त्यांनी मला आणखी साखर घातली.

जाताना मी सहज विचारलं, "आज्जी, पुण्याला कधी?" त्या म्हणाल्या, "संक्रातीनंतर. हवा लई येती तिथं." मग गवरव्वाच्या पाठीवर हात ठेवून पुन्हा तेच म्हणाल्या. मग मी फाटकाशी पोचल्यावर आणखी एकदा म्हणाल्या, मोठ्यानं.

मॅडम, मला सेवेत येऊन चौदा महिने झाले. गाय प्रवासास योग्य आहे, हे मी आज, या क्षणी सही करून देऊ शकते. मालकिणीबद्दल मला तसं लिहिता येणार नाही. त्याचा नमुना आमच्याकडे नाही. तुम्ही खात्यातल्या अनुभवी, म्हणून विचारते : मी काय करू?

आपली विश्वासू,
डॉ. उज्वला

*

उमरी
१२ जानेवारी २०२५

प्रिय गुरम्मा अक्का,

हे पत्र मी तीनदा फाडलं. आता जसं येईल तसं लिहिते.

आधी माझा कबुलीजबाब. मला गाईगुरांचं सगळं कळतं असं मी लिहिलं होतं. अक्का, मी एकतीस वर्षांत लाखो जनावरांची नोंद केली आणि एकाही जनावराला हात लावला नाही. मला भीती वाटते. तुमच्या घरी सहा वर्षं राहिले, तेव्हा गोठ्याच्या बाजूनं जाताना मी भिंत धरून जायची, तुम्हाला वाटायचं मला चक्कर येते. परवा साखराबाईच्या म्हशीला हात लावायला गेले, तिनं नुसती शेपटी हलवली तर मी उकिरड्यावर बसले.

मग गोठा कशाला बांधला? निवृत्त झाले, नांदेडची खोली सोडली, इथं आले. चार वाजले की कुणी चहा विचारत नाही, कुणी फाईल मागत नाही. घरात कुणीतरी श्वास घेणारं असावं एवढंच वाटलं. माणूस मागायची लाज वाटते, गाय मागायची वाटत नाही.

आणि तुम्ही? तुम्ही प्रत्येक पत्रात मला सांगत होता आणि मी वाचत होते फक्त टॅग, लस आणि तारीख. एवढी वर्षं अर्ज वाचले, पण अर्जदार काय म्हणतोय ते वाचायची सवयच लागली नाही. उज्वलावर रागावू नका. तिनं मला फक्त विचारलं.

मग मी काल राजशेखरला फोन केला. तुम्हाला न विचारता केला, हे चुकलं. पण ऐका तो काय म्हणाला.

मी म्हटलं, "राजू, आईला पुण्याला यायचं आहे का रे?"

तो म्हणाला, "हो मावशी, विचारलं तेव्हा हाव म्हणाली ना."

"तिनं हाव म्हटलं. तुला ऐकू काय आलं?"

तो म्हणाला, "श्रावणात ती गोठ्यात पडली होती. मला तीन दिवसांनी कळलं, तेही शेजाऱ्यांकडून. तेव्हापासून फोन वाजला की मी आधी बघतो, शेजाऱ्यांचा तर नाही ना. मला तिला फ्लॅटमध्ये आणायचंच आहे असं नाही हो मावशी. मला फक्त ती एकटी नको आहे."

अक्का, पडलात हे मला लिहिलं नाहीत. दात काढल्याची बातमी मी तुम्हाला दिली होती!

आता मुद्द्याचं. काल मी वाहतुकीचे नियम पुन्हा काढले. त्यात स्पष्ट आहे की जनावराच्या गाडीत सोबतीला एक माणूस असलाच पाहिजे. सोमेश गाडी चालवणार, म्हणजे तो नाही. मी चालले असते, पण गवरव्वाला कानडी लागते आणि मला येते फक्त कारकुनी. तेव्हा नियमानुसार तुम्हाला यावं लागेल.

त्या माणसानं परत कधी जायचं, हे नियमात कुठेच लिहिलेलं नाही. मी परिशिष्टासकट दोनदा शोधलं.

दोन खोल्या आहेत. एक पूर्वेकडची. तुम्ही नाही म्हणालात तर मी समजून घेईन, आणि गवरव्वालाही तिथंच राहू द्या, तिच्यासाठी आपण दुसरं काही बघू. पण यावेळी जे काही म्हणाल ते खरं म्हणा.

तुमची,
प्रभा

*

बोरगुळी
२० जानेवारी २०२५

प्रभाबाई,

माझ्या पोराला मला न इचारता फोन केलास. चार दिस मी तुझं नाव घेतलं न्हाई. पाचव्या दिशी राजशेखर स्वतः आला. रजा काढून, एकटाच. माझ्याम्होरं बसला, मशीन नीट कानात घातलं माझ्या आन मोठ्यानं न्हाई, हळू बोलला. म्हनला, "आई, तुला यायचं न्हाई हे मला का सांगितलं न्हाईस?"

मी म्हनलं, "तू एवढ्या हौसेनं खिडकी दाखवलीस, कसं सांगू?"

तो म्हनला, "आन मी तू हाव म्हनलीस म्हनून खिडकी दाखवत बसलो."

मग आमी दोघं बी हसलो. मग मी रडले, खोटं कशाला सांगू. गोठ्यात पडल्यापासून मलाच माझा भरवसा राहिला न्हवता. तेच कुनाला सांगितलं न्हाई.

टॅग मी कापला. विळ्यानं, गवरव्वाला काय बी झालं न्हाई. लंगडी बी मीच केली. पाय कोनता ते ध्यानात ऱ्हायलं न्हाई, म्हातारपन. बसवण्णाम्होरं माफी मागितली. तुझी मागनार न्हाई, तू म्हशीला भिऊन उकिरड्यावर बसतीस आन मला नियम शिकवतीस.

येते. पन पाहुनी म्हनून न्हाई. सैपाक एक वक्ताचा माझा. सकाळी माझी पूजा होईस्तोवर तू बोलायचं न्हाई. भाजीत गूळ घालतीस ते बंद. आन पेरनीला मी बोरगुळीला जानार, महिनाभर, शेत बटईनं हाय म्हनून काय, माझंच हाय. राजशेखर म्हनला, जा, पन एकटी न्हाई. तवा तुला बी यावं लागंल. कबूल असंल तर गाडी पाठव.

डॉक्टरीन काल येऊन सही करून गेली. कागदावर लिव्हलंय, गाय प्रवासास योग्य. मी म्हनलं, पोरी, माझं बी बघ. तिनं माझी नाडी धरली आन म्हनली, "आज्जी, तुमी चालताय की."

गुरम्मा

*

उमरी
१० फेब्रुवारी २०२५

डॉक्टरीनबाई उज्वलाला गुरम्मा आज्जीचा शरणु शरणार्थी.

पोचलो म्हनून कळवायचं ऱ्हाऊनच गेलं. प्रभाबाई स्वतः गाडीसंगं आली होती, मांडीवर फाईल घेऊन. मी माघं गवरव्वापाशी. सोमेश पोरगं गुनाचं हाय, खड्डा आला की गाडी थांबवून आधी मला सांगायचं, मग खड्ड्यात घालायचं.

रस्त्यात पोलिसानं अडवलं. प्रभाबाईचा चेहरा असा फुलला की काय सांगू. ह्याच दिसाची वाट बघत होती बिचारी. तुझं प्रमानपत्र, लशीचं, बिल्ल्याचं, गाडीचं, समदं एकावर एक ठेवलं त्याच्या हातावर. शिपाई वाचून राहिला, वाचून राहिला. शेवटी म्हनला, "बाई, मी फक्त गाडी थोडी बाजूला घ्या म्हनत होतो, मागून वरात येऊन राहिली."

प्रभाबाईनं तरी त्याला समदे कागद बघायला लावले.

गवरव्वानं पहिले दोन दिस तोंडात काय घेतलं न्हाई. मी जवळ बसून राहिले. तिसऱ्या दिशी सकाळी प्रभाबाई आली, दोन हात लांब उभी राहिली, डोळे मिटले आन शिळी भाकरी म्होरं धरली. गवरव्वानं भाकरी घेतली आन तिचा हात बी चाटला. प्रभाबाई ओरडली न्हाई. तशीच उभी राहिली, डोळे मिटून. मग म्हनली, "अक्का, जीभ खरखरीत असती होय हिची?" एकतीस वर्सांनी कळलं तिला.

भांडतो आमी रोज. कडबा कुठं ठेवायचा, दिवा कधी लावायचा. गवरव्वा काय खाती त्याची वही घातलीय तिनं, वर नमुना क्रमांक लिव्हलाय. साखराबाई म्हनती, ह्या घरात आता तीन म्हाताऱ्या झाल्या, त्यातली गायच तेवढी शहानी.

परवा शनिवारी राजशेखर आला. रविवारी सांजच्या गाडीनं जायचं म्हनून परतीचं तिकीट काढूनच आला होता. घर बघितलं, माझी खोली बघितली, दवाखाना किती लांब हाय ते चालत जाऊन बघून आला. पोराचा जीव हाय, बघनारच.

रविवारी दुपारी जेवला, आन बाज वडून गोठ्याच्या सावलीत पडला. घोरायलाच लागला. लहानपनी झोपायचा तसा, हात डोक्याखाली घालून. गवरव्वा रवंथ करून राहिली, प्रभाबाई अन् मी दारात बसून शेंगा सोलून राहिलो, आवाज न करता.

पाच वाजता उठला, घड्याळ बघितलं. मला वाटलं आता पिशवी उचलतोय. त्यानं तोंड धुतलं, माझ्याजवळ येऊन बसला, चार शेंगा सोलल्या आन म्हनला,

"आई, मी उद्या गेलो तर चालंल का?"

तुझी,
गुरम्मा आज्जी